हादरा, श्वास आणि पाण्याची बाटली

‘झेन’ म्हटलं की माझ्या पिढीला आधी मारुतीची गाडी आठवते! १९९३ ते २००६ या काळात ती गाडी रस्त्यावर रुबाब करायची, आणि आमच्या डहाणूत एखाद्या चिकू बागायतदाराच्या दारात ती उभी राहिली की आम्ही पोरं काचेला नाक लावून आत डोकवायचो. त्यामुळे ‘सर झेन करतात’ असं कुणीतरी कॉलेजात पसरवलं तेव्हा एका विद्यार्थ्याने मला अगदी मनापासून विचारलं, “सर, अजून ॲव्हरेज देते का?”

मित्रांनो, हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. देते. पण नुसत्या झेनवर गाडी चालत नाही, हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही जमीन हलल्यावर!

मी तुम्हाला इन्स्ट्रुमेंटेशन शिकवतो. घर डहाणूला. आम्ही चार-पाच मित्र रविवारी तलासरी तालुक्यातल्या एका शाळेत दहावीच्या मुलांना गणित शिकवायला जात असू. मुलं बहुतेक वारली, काही जण पाच-सहा किलोमीटर चालत येणारी. शिकवण्याबरोबर मी गेली अनेक वर्षं तीन गोष्टी करत आलोय : झेन पद्धतीचं बसणं, चिनी चीगाँग, आणि मानसोपचारातल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीचा अभ्यास. ऐकायला हे मिसळीत बासुंदी घातल्यासारखं वाटेल. मलाही वाटायचं. म्हणून मी त्या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या डब्यांत ठेवल्या होत्या. त्या एका ताटात कशा आल्या, ते सांगतो.

जमीन हलली तेव्हा

११ नोव्हेंबर २०१८. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. त्या दिवसापासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. केंद्र बहुतेक वेळा धुंदलवाडीच्या आसपास. एक मोठा भूकंप झाला आणि संपला, असं हे नव्हतंच. छोटे छोटे धक्के, आठवड्यामागून आठवडे, महिन्यामागून महिने. शास्त्रज्ञ याला भूकंपांची मालिका म्हणतात. हे धक्के जमिनीत फार खोलवरचे नसल्याने नुसती थरथर नाही, आधी आवाज येतो. खदानीत सुरुंग उडावा तसा! १ फेब्रुवारी २०१९ ला एका दिवसात अनेक धक्के बसले. त्यातला सर्वांत मोठा ४.१ रिश्टरचा. घाबरून घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली. लोक थंडीत अंगणात झोपू लागले, तंबू आले, कित्येक ठिकाणी शाळा झाडाखाली भरू लागल्या.

आता यात सर्वांत वाईट काय असतं सांगू? धक्का नव्हे. धक्का दोन-चार सेकंदांचा. वाईट असतं ते दोन धक्क्यांच्या मधलं वाट बघणं. महामार्गावरून ट्रेलर गेला, की हाललं. कुणी बाक ओढलं, की हाललं. शेवटी तर आपल्याच छातीची धडधड बाकातून जाणवायची आणि मुलं ओरडायची, “सर, हाललं!”

माझी चूक

त्या वर्गात एक मुलगी होती. वर्गातली सर्वांत हुशार नव्हे, पण सर्वांत चिवट. उदाहरण सुटेपर्यंत घरी न जाणारी. डिसेंबरपासून ती इमारतीत यायचीच बंद झाली. दाराबाहेर उभी राहून फळ्यावरचं उतरवून घ्यायची. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, आणि परीक्षा काही झाडाखाली होत नाही.

मी म्हटलं, एवढी वर्षं आपण ध्यान करतोय, ते केव्हा कामाला यायचं? एका रविवारी सगळ्यांना मैदानात बसवलं आणि म्हणालो, “डोळे मिटा. शांत बसा. शरीरात काय चाललंय ते फक्त बघा.”

दोन मिनिटांत ती मुलगी थरथरायला लागली. हात गार, श्वास वर वर. मग तिला बघून आणखी दोघी रडायला लागल्या. मी गडबडून सगळ्यांना उठवलं. घरी येताना जीपमध्ये एक शब्द बोललो नाही.

चूक काय होती? जो माणूस आधीच प्रत्येक थरथरीवर कान लावून बसलाय, त्याचे डोळे मिटायला लावून मी त्याला सांगितलं, की आता आणखी बारकाईने थरथर शोध! सेन्सर आधीच ओव्हरसेन्सिटिव्ह, आणि मी त्याचा गेन वाढवला. इन्स्ट्रुमेंटेशनचा मास्तर, आणि ही चूक!

आईला सांगितलं. आई निवृत्त बालवाडी शिक्षिका, कोसबाडला शिकलेली. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “अरे, घाबरलेल्या पोराला कुणी बस म्हणतं का? आधी हातपाय हलवू दे. मग आपोआप बसतं.”

एवढंच. पण माझे तीन डबे उघडले ते या वाक्याने.

तीन शब्द, थोडक्यात

पुढे जाण्याआधी या तीन गोष्टी म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण प्रत्येकाभोवती भरपूर धुकं आहे.

झेन हा आपलाच शब्द आहे! संस्कृत ‘ध्यान’, पालीत ‘झान’, चीनमध्ये गेल्यावर ‘चान’, जपानमध्ये पोहोचल्यावर ‘झेन’. दक्षिण भारतातल्या बोधिधर्माने तो चीनला नेला असं परंपरा सांगते. आपल्या किनाऱ्यालाही बौद्ध विचार परका नाही. नालासोपाऱ्याचा स्तूप आपल्याच जिल्ह्यात आहे. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा जो शिलालेख आहे, त्यात त्याने नद्यांवर फुकट तर सुरू केल्याची नोंद आहे आणि त्या नद्यांत ‘दाहनुका’ हे नाव आहे. ती आपली डहाणू! झेनमध्ये करायचं काय, तर पाठ ताठ ठेवून बसायचं, सुटणारा श्वास एक ते दहा मोजायचा, मन पळालं की पुन्हा एकपासून. मी इगतपुरीला दहा दिवसांची विपश्यना केली, पुढे कोडाईकनालजवळच्या बोधी झेंडोत दोनदा जाऊन आलो. हे केंद्र १९९६ मध्ये आमा सामी या जेझुइट पाद्रीने सुरू केलं. ख्रिस्ती फादर, जपानी पद्धत, तमिळ डोंगर! तिथे एक गोष्ट शिकलो होतो, आणि नेमकी तीच मैदानात विसरलो. झेनमध्ये डोळे मिटत नाहीत, अर्धे उघडे ठेवतात. समोरचं जग दिसत राहिलं पाहिजे.

चीगाँग म्हणजे श्वास, सावकाश हालचाल आणि लक्ष यांची सांगड. ‘ची’ म्हणजे श्वास किंवा प्राण, ‘गाँग’ म्हणजे कष्टाने मिळवलेलं कसब. हे नाव १९५० च्या दशकात लिऊ गुईझेन यांच्यामुळे चीनभर रूढ झालं, पण प्रकार जुना आहे. १९७३ मध्ये मावांगदुई इथल्या थडग्यात रेशमावर काढलेलं एक चित्र सापडलं. इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेलं ते थडगं. चित्रात व्यायाम करणारी ४४ माणसं रांगेने उभी! मी पुण्यात एम.ई. करताना एका ताई-ची शिक्षकांकडे ‘बादुआनजिन’ नावाचे आठ व्यायाम शिकलो. पहिल्यात दोन्ही हातांनी आकाश तोलून धरायचं, दुसऱ्यात डावीकडे-उजवीकडे धनुष्य ताणायचं. ‘ची’ ही ऊर्जा व्होल्टमध्ये मोजतात की ज्यूलमध्ये, असं विचाराल तर माझ्याकडे उत्तर नाही. त्यामुळे मी तसं शिकवतही नाही. मी श्वास आणि स्नायू शिकवतो. ते मोजता येतात.

तिसरा मानसोपचार. हा शब्द ऐकला की आपल्याकडे लोक खुर्ची मागे सरकवतात. मी ज्याचा अभ्यास केला ती अल्बर्ट एलिस यांची पद्धत, त्यांनी १९५५ मध्ये मांडलेली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. महाराष्ट्रात ती रुजवण्यात कि. मो. फडके यांचा फार मोठा वाटा. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी मानसिक आरोग्यासाठी आयपीएच ही संस्था सुरू केली. त्यांनी या पद्धतीची आपल्या वेदान्ताशी सांगड घातली. पद्धतीचा गाभा सोपा आहे. घटना थेट भावना निर्माण करत नाही, मध्ये आपला विचार असतो. ‘धक्का येऊ नये’ ही इच्छा. ती ठीकच आहे. ‘धक्का येताच कामा नये, आला तर मला सहनच होणार नाही’ ही मागणी. इच्छेतून काळजी येते आणि माणूस तयारी करतो. मागणीतून भीतीचा कहर होतो आणि माणूस थिजतो.

एकच लूप, तीन बिघाड

आता तुमच्या सिलॅबसमध्ये येऊ. कंट्रोल सिस्टिमचा फीडबॅक लूप डोळ्यांसमोर आणा. सेन्सर मोजतो, कंट्रोलर सेट पॉइंटशी तुलना करतो, ॲक्च्युएटर काम करतो. लूप बिघडला की तीन ठिकाणं तपासायची. सेन्सरमध्ये नॉईज आहे का? डॅम्पिंग कमी पडून सिस्टिम ऑसिलेट होतेय का? की सेट पॉइंटच अशक्य ठेवलाय?

झेन सेन्सरवर काम करतं. आत्ता इथे खरोखर काय आहे आणि त्यात मी काय मिसळलं, हे वेगळं करायला शिकवतं. चीगाँग डॅम्पिंग वाढवतं. मानसोपचार सेट पॉइंट तपासतो, की ‘जमीन कधीही हलता कामा नये’ हे कुठल्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय?

डॅम्पिंगचं थोडं जास्त सांगतो, कारण हे केवळ रूपक नाही. रक्तदाब स्थिर ठेवणारा एक खराखुरा फीडबॅक लूप आपल्या शरीरात आहे. त्यात काही सेकंदांचा उशीर असल्याने त्याची स्वतःची सुमारे दहा सेकंदांची लय असते. तुम्ही मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतलात, की श्वासाची आणि त्या लूपची लय जुळते, म्हणजे रेझोनन्स! त्यावेळी रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा जास्त चांगलं काम करते. २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी इटलीतला एक प्रयोग मांडला. लॅटिनमधली जपमाळ आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला. धर्म दोन, फ्रिक्वेन्सी एक! चीगाँगच्या सावकाश हालचालींनी श्वास असाच लांबतो. घाबरलेल्या मुलाला ‘हळू श्वास घे’ म्हटलं की तो आणखी गडबडतो. पण ‘आकाश हळूहळू वर ढकल’ म्हटलं की श्वास आपसूक हळू होतो.

आणि लक्षात ठेवा, बिघाड एका ठिकाणी आणि दुरुस्ती दुसऱ्या ठिकाणी केली की यंत्र आणखी बिघडतं. मैदानात माझं नेमकं तेच झालं होतं.

बाटली

पुढच्या रविवारी नवा क्रम ठरवला. एकूण बारा मिनिटं.

आधी हालचाल. आकाश तोलणं, धनुष्य ताणणं. चिनी नावं ऐकून मुलं खो खो हसली, पण धनुष्य कसं ताणायचं हे मला कुणी शिकवायचं? पाचव्या मिनिटाला सगळा वर्ग एका लयीत हलत होता आणि मीच चुकत होतो! रात्र रात्र तारप्यावर नाचणारी पोरं ती. लय त्यांच्या पायात होती.

मग बसणं. डोळे उघडे, पाय जमिनीवर, आणि पुढे टेबलावर अर्धी भरलेली पाण्याची पारदर्शक बाटली. नियम साधा. हाललं असं वाटलं, की आधी पाण्याकडे बघायचं. पाणी हललं तर भूकंप, बाकाखाली जायचं. पाणी स्थिर असेल तर ती आपली छाती आहे. मग श्वास मोजायचा. एक ते दहा.

शाळेच्या दप्तरात मावेल असा हा सिस्मोस्कोप! पण खरं सांगतो, या बाटलीने जे केलं ते माझ्या प्रवचनांनी झालं नसतं. मुलांना ‘घाबरू नका’ असं कुणी सांगत नव्हतं. ती स्वतः तपासत होती.

शेवटी फळा. वर लिहिलं ‘धक्का आला’, खाली ‘मी काय म्हणालो’, त्याखाली ‘मला काय झालं’. मुलांनी मधल्या ओळीत आपापली वाक्यं भरली. ‘घर पडणारच.’ ‘मी मरणार.’ ‘देव आपल्यावर रागावलाय.’ एकेक वाक्य घेऊन आम्ही बोललो. मी कधीच म्हणालो नाही, की घर पडणार नाही. कुडाच्या घराचं आणि कच्च्या विटांच्या घराचं वागणं वेगळं असतं, तेही सांगितलं. भीतीला खरं कारण असेल तर ते कारण आधी बघायचं, हाही विवेकच. दोन रविवार वाद घालून मुलांनी शेवटी आपल्या भाषेत चार वाक्यं पक्की केली. माझ्या वहीत ती अजून आहेत :

धक्का येईल. आला तर बाकाखाली. थांबला की मैदानात. मग राहिलेलं गणित.

एक स्पष्ट करतो. प्रत्यक्ष धक्का बसताना ध्यान, श्वास, काही नाही. डोकं वाचवायचं. हे सगळं मधल्या वेळासाठी.

जुने लोक शहाणे होते

हे सगळं मी शोधलं, असं मला काही दिवस वाटत होतं. मग वाचायला लागलो आणि नम्र झालो.

हाकुइन हा अठराव्या शतकातला जपानचा मोठा झेन गुरू. तरुणपणी त्याने ध्यानाचा इतका अतिरेक केला, की आजारी पडला. कानांत आवाज, पाय बर्फासारखे गार, सतत भीती. जपानीत याला ‘झेनचा आजार’ असंच नाव आहे! शेवटी तो डोंगरात राहणाऱ्या एका एकांतवासी वृद्धाकडे गेला, असं त्याने १७५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘यासेनकान्ना’ या छोट्या पुस्तकात लिहिलंय. त्या वृद्धाने त्याला चिनी ताओ परंपरेतला उपाय सांगितला : डोक्यावर सुगंधी लोण्याचा गोळा ठेवलाय आणि तो वितळत खांदे, छाती, पोट, पाय असा खाली उतरतोय, अशी कल्पना करायची. लक्ष डोक्यातून पायात! पुढे हाकुइन आपल्या शिष्यांना ध्यानाबरोबर हेही शिकवायचा. म्हणजे झेनला चीगाँगच्या भावाची जोड शिक्षकानेच दिली, आणि तीही स्वतः पडून झडून.

मोरिता शोमा (१८७४–१९३८) हे टोकियोचे मनोविकारतज्ज्ञ. त्यांना स्वतःलाही तरुणपणी चिंतेचा त्रास होता. त्यांच्या उपचाराचं सार असं, की भावना आपल्या ताब्यात नसतात, कृती असते. भीती जायची वाट बघत बसू नका, तिला बरोबर घेऊन हातातलं काम करा. १९५७ मध्ये मेक्सिकोत झेनचे अभ्यासक सुझुकी आणि मनोविश्लेषक एरिक फ्रॉम यांची परिषद झाली. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात झेन, विपश्यना आणि योगासनं एकत्र करून रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम आखला. हे गृहस्थ एमआयटीचे पीएच.डी., बरं का! पुढे त्याची बोधात्मक मानसोपचाराशी जोड झाली. टीसडेल, सीगल, विल्यम्स आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या चाचणीत तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांमध्ये ते पुन्हा उलटण्याचं प्रमाण या पद्धतीने कमी झालेलं दिसलं.

आणि आपलं कोसबाड! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर आलं. अंगणात भरणारी बालवाडी, म्हणजे अंगणवाडी. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरणारी शाळा, म्हणजे कुरणशाळा. पोर शाळेत येत नसेल तर शाळा पोराकडे जाईल! ताराबाईंनी ज्या माँटेसरींची पद्धत आपल्या मातीत आणली, त्या पद्धतीत शांततेचा खेळ असतो. मुलं आवाज न करता बसतात आणि बाई लांबून अगदी हळू आवाजात एकेकाचं नाव घेतात. नाव ऐकू आलं की पावलं न वाजवता यायचं. लहान मुलांचं झेनच ते! आणि या शाळांत बसण्याआधी गाणी, बडबडगीतं, हातवारे आलेच. आईचं वाक्य कुठून आलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

आता माझं

हे लिहिणं सर्वांत अवघड आहे.

त्याच डिसेंबरात आपल्याच कॉलेजात, माझ्या लेक्चरला मागच्या बाकावर एकाने दप्तर आपटलं. मी डस्टर फेकून त्याला सगळ्यांसमोर नको ते बोललो. वर्ग सुन्न. तो पोरगा खाली मान घालून बसला. मी रोज सकाळी चाळीस मिनिटं झेन करणारा माणूस! रात्री मला झोप नव्हती. पंखा हलला की उठून बसायचो. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. उलट सकाळचं बसणं चाळीसवरून साठ मिनिटांवर नेलं. म्हणजे औषध चुकतंय म्हणून त्याच औषधाचा डोस वाढवला.

शेवटी ठाण्याला एका समुपदेशकांकडे गेलो. दुसऱ्यांना एबीसी शिकवणारा मी, पण माझ्या मधल्या ओळीत काय आहे हे मला दिसत नव्हतं. चौथ्या बैठकीत ते सापडलं : ‘मी शिक्षक आहे, साधक आहे, मी घाबरताच कामा नये.’ बघा, मुलांचा सेट पॉइंट मी दुरुस्त करत होतो आणि माझा स्वतःचा तसाच होता! ध्यानाला बसून मी भीती बघत नव्हतो, तिच्यापासून लपत होतो. समोर दुसरं माणूस असल्याशिवाय हे कळत नाही. आपला कॅलिब्रेशनचा नियम आठवा : उपकरण स्वतःला स्वतःशीच पडताळून बघू शकत नाही, बाहेरचा स्टँडर्ड लागतो.

दप्तर आपटणारा तो विद्यार्थी पास होऊन गेला. त्याची माफी मी तेव्हा केबिनमध्ये बोलावून मागितली होती. पण अपमान वर्गासमोर केला होता, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागायला हवी. ती आज या पानावर मागतो.

तुमच्यासाठी

तुमच्याकडे भूकंप नाही, पण केटी आहे, कॅम्पस आहे, घरचं कर्ज आहे. दोन धक्क्यांच्या मधलं वाट बघणं तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून माझ्या चुकांतून निघालेला क्रम देतो. अंग थरथरत असेल तर आधी हालचाल : चाला, हात वर करून सावकाश ताणा, श्वास लांब सोडा. मग डोळे उघडे ठेवून दहा श्वास मोजा आणि ‘बाटलीकडे बघा’, म्हणजे खरोखर काय घडलंय ते तपासा. मग कागदावर ती मधली ओळ लिहा. त्यात ‘च’ किती आहेत ते मोजा. ‘व्हायलाच हवं’, ‘जमणारच नाही’, ‘मीच वाईट’. एकेक ‘च’ खोडून वाक्य पुन्हा वाचा.

आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर यातलं काहीही करत बसू नका. डॉक्टरकडे जा. मित्र तसं बोलत असेल तर त्याला ‘ध्यान कर’ म्हणू नका, त्याच्याबरोबर जा. २०२२ पासून सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६. मराठीत बोलता येतं.

ती मुलगी

तिला शाळेतल्या बाई आणि तिचे वडील यांनी सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशकांकडे नेलं. तीन-चार वेळा ती गेली. दर रविवारी आमची बारा मिनिटं होतीच. जानेवारीत ती दाराबाहेरून उंबऱ्यावर आली. फेब्रुवारीच्या त्या मोठ्या धक्क्यानंतर पुन्हा बाहेर गेली. मी मनात म्हटलं, संपलं. पण पुढच्या रविवारी तिने स्वतःच बाटली आणली आणि शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसली.

मार्चमध्ये परीक्षा. तिचा नंबर खिडकीकडच्या रांगेत आला होता, दारापासून लांब. पेपर सुटल्यावर मी बाहेर उभा होतो. विचारलं, “कसा गेला गं?”

“सर, मध्येच हाललं वाटलं.”

“मग?”

“पाण्याकडे बघितलं. नव्हतं हाललं.” मग थोडं थांबून म्हणाली, “छाती होती माझी. मग राहिलेलं गणित केलं.”

गणितात तिला ४१ मिळाले. माझ्या शिक्षकी आयुष्यात एवढे मार्क मी दुसऱ्या कुणाचे लक्षात ठेवलेले नाहीत.

माझ्या टेबलावर अर्धी भरलेली पाण्याची बाटली असते. सर ती कधी पीत का नाहीत, असा प्रश्न तुमच्यातल्या काहींना पडतो म्हणे. आता कळलं ना?